मीटरवाल्यांची पिशवी

मीटरवाल्यांना रिकाम्या खोलीत जळणारा दिवा बघवत नसे. एकोणचाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या जिन्यांखाली वाकून विजेचे मीटर वाचले होते. गरगर फिरणारी चकती दिसली की ते आधी बटण शोधत, मग ती कुणाच्याही घरची असो. लेकीच्या लग्नातही त्यांनी हॉलमधले निम्मे दिवे मालवले होते. फोटोंत निम्मे पाहुणे अंधारात उभे आहेत.

जावई रक्तपेढीत तंत्रज्ञ होता. "आमचे जावई रक्ताला उजेड दाखवतात," असं मीटरवाले चारचौघांत सांगत, आणि ते कौतुक नसे.

मग बायको आजारी पडली. सात महिन्यांत तिला प्लेटलेट्सच्या तेवीस पिशव्या चढल्या आणि तरी ती गेली. मीटरवाल्यांना तिची फार आठवण येई. कधी न पाहिलेल्या त्या तेवीस माणसांचीही येई. आपणही एक पिशवी द्यायची, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि वर्षभर टाळलं, कारण सुई बघून त्यांचे हातपाय गार पडत. पण साठी पूर्ण झाली की पेढी प्लेटलेट्स घेत नाही, आणि येत्या शुक्रवारी त्यांची साठी पूर्ण होत होती. मंगळवारी सकाळी ते पेढीत जाऊन थडकले.

दीड तास ते डोळे मिटून पडून राहिले. उठल्यावर म्हणाले, "माझी पिशवी कुठे जाते ते दाखवा."

जावयाने दाखवलं. पिशवीत आधी एक औषध मिसळलं जातं. मग ती एका पेटीत ठेवून, हलवत हलवत, तिच्यावर निळसर उजेड सोडतात. औषध आणि उजेड मिळून जंतूंची पैदास बंद पाडतात. चार-पाच मिनिटांचं काम.

"बसा बाबा, आलोच," म्हणून जावई शेजारच्या खोलीत फोन घ्यायला गेला.

मीटरवाले बसले. खोलीत कुणी नव्हतं. पेटीच्या काचेतून उजेड दिसत होता. बटणावर 'बंद करू नये' अशी पट्टी होती, पण मीटरवाल्यांनी जन्मभर आकडे वाचले होते, पाट्या नव्हे. ते उठले आणि बटण बंद करून पुन्हा जागेवर बसले. त्यांना जरा बरं वाटलं.

जावई आला आणि पेटीकडे बघतच राहिला.

"चालू राहिला होता," मीटरवाले म्हणाले.

"बाबा, ही पिशवी आता गेली."

"गेली कशी? दोन मिनिटं झाली असतील, उरलेली द्या."

"तसं नाही चालत. अर्धवट उजेडात काय मेलं नि काय राहिलं, ते सांगता येत नाही. पुन्हा पहिल्यापासून दिला तर प्लेटलेट्सच खराब होतात."

"कुणाला कळणार आहे, जावईबापू?"

जावई हळूच म्हणाला, "आईंना तेवीस पिशव्या चढल्या. त्यातली एखादी अशी असती तर?"

जावयाने पिशवी टाकून दिली आणि नोंदवहीत कारण लिहिलं: देणाऱ्याने बटण बंद केलं. बाहेरच्या माणसाला आत बसवल्याबद्दल साहेबांनी त्याची चांगलीच खरडपट्टी काढली. दारापाशी उभे राहून मीटरवाल्यांनी ती सगळी ऐकली.

प्लेटलेट्स पुन्हा द्यायला मध्ये अठ्ठेचाळीस तास जावे लागतात. गुरुवारी दुपारी मीटरवाले पुन्हा हजर. नर्सबाईंनी जन्मतारीख दोनदा वाचली.

"उद्या साठ पूर्ण होतायत, काका."

"उद्याचं उद्या. आज सुई टोचा."

पिशवी भरल्यावर या वेळी त्यांना कुणी पेटीच्या खोलीत घेतलं नाही. ते काचेच्या दाराबाहेर स्टुलावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. आत निळा उजेड होता आणि माणूस एकही नव्हता. हात त्यांनी काढले नाहीत. मग उजेड गेला, तसे ते दचकून ओरडले, "मी नाही केला!"

जावई धावत आला, आत जाऊन पेटीच्या पडद्यावरचे आकडे वाचले आणि बाहेर आला.

"झालं, बाबा. वेळ पूर्ण झाली की तो आपोआप बंद होतो."

मीटरवाल्यांनी मुंग्या आलेले हात मांड्यांखालून काढले, तळव्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "हे मंगळवारी सांगायला काय झालं होतं?"