बिनसदऱ्याच्या बाह्या

गोदाबाईंना थंडी वाजते, असं मोहने गावात कुणी कधी ऐकलं नव्हतं. पण पन्नाशी उलटल्यावर त्या सायकल शिकल्या, सून मनालीच्या मागोमाग रविवारच्या सायकलवाल्यांत घुसल्या आणि दिवाळीनंतरच्या पहाटवाऱ्यात टिटवाळ्याच्या रस्त्यावर त्यांचे दंड काकडले. बरं, स्वेटर घालावा तर तासाभरात असं ऊन तापतं की माणूस उकडून निघतं. मागच्या रविवारी त्या स्वेटर काढायला थांबल्या, तो डोक्यात अडकला, आणि ग्रुपचा म्होरक्या यज्ञेश याने त्यांना सायकलीसकट मागच्या टेम्पोत चढवलं. खडवलीच्या पुलापर्यंतची फेरी राहिलीच.

"काकी, राग मानू नका. एक थांबलं की अख्खा ग्रुप थांबतो."

"राग कशाला मानू," गोदाबाई म्हणाल्या, आणि आठवडाभर मानला. या खेपेला खडवलीपर्यंत पाय टेकायचा नाही, टेम्पोत तर नाहीच नाही, एवढं त्यांनी मनाशी धरलं.

मनाली त्यांना कल्याणला सायकलच्या दुकानात घेऊन गेली. तिथल्या हर्षितने काउंटरवर आर्म वॉर्मर मांडले. मनगटापासून दंडापर्यंतच्या दोन कापडी नळ्या. थंडीत वर चढवायच्या, ऊन झालं की चालत्या सायकलवरच खाली गुंडाळायच्या.

गोदाबाईंनी त्या उलटसुलट करून पाहिल्या. "बाह्या हायेत. सदरा कुठं हाय?"

"सदरा नसतो याला, काकी."

"मंग शिंप्यानं काम अर्धं का सोरलं?"

पातळ जोडीवर त्यांनी फुंकर मारली, ती आरपार गेली. ती उन्हापुरती. जाड, लोकरी जोडी गुंडाळली तर तिची उशी झाली. मधली बरी होती. आतून जराशी लव, वरच्या काठाला घसरू न देणारी रबरी पट्टी. पण बायकांच्या मापातली दंडाला लावून पाहिली तर घेर पुरेना. भाताची पोती उचललेला दंड तो. "पुरुषाची मोठी दे," म्हणाल्या.

ती मात्र बांगड्यांवर अडली. पुतण्याच्या हळदीला भरलेला हिरवा चुडा हातात गच्च होता. जोर लावला तशी कट्कन आवाज आला.

"वाढली," गोदाबाई म्हणाल्या.

हर्षितने जमिनीवरची काच पाहिली. "वाढली कुठे? एक कमी झाली."

मनालीला हसू आवरेना. तिने आधाराला शेजारच्या सायकलचं हॅंडल धरलं, तर घंटी वाजली.

"काकी, सगळ्या काढून ठेवा ना."

"भरलेला चुडा काढू? माझा मालक घरी धडधाकट बसलाय."

हर्षित गडबडला. "सॉरी. त्यांना पण दाखवू का एखादी जोडी?"

आता मनाली खालीच बसली. गोदाबाईंनी मात्र एक प्लास्टिकची पिशवी मागितली. घट्ट बांगडी चढवताना कासारीण करते तशी ती हातावर ओढली आणि वरून बाही सरकवली. बाही चुड्यावरून सुळकन वर गेली. पिशवी ओढून काढली. झालं. उगाच घासाघीस न करता जोडी घेतली.

रविवारी धुक्यात निघाले. टिटवाळा मागे पडला आणि ऊन अंगावर आलं. यज्ञेश जाकिटाच्या चेनशी झटू लागला. गोदाबाईंनी जन्मात पहिल्यांदा हॅंडलवरचा एक हात सोडला. सायकल नागमोडी गेली.

"आई, दोन्ही हात," मनाली मागून ओरडली.

"दोन्ही सोडू?"

"धरा, आई, धरा."

उजवी बाही उतरली, मग डावी. दोन्ही चुड्याच्या वर चुंबळीसारख्या बसल्या. उघड्या दंडांना वारा लागला आणि गोदाबाईंना असा चेव आला की एकेकाला मागे टाकत त्या पुढे गेल्या. यज्ञेशची चेन अर्ध्यावरच अडकली होती. "येते रे," म्हणाल्या.

खडवलीचा पूल आला. सगळे उतरले. चहा सांगून झाला. गोदाबाई मात्र पुलावरून तशाच पुढे.

"आई, खडवली आली."

"दिसली गं," मागे न बघता त्या म्हणाल्या. "चांगली हाय."

यज्ञेशने हातातला चहा मनालीकडे दिला आणि पुन्हा सायकलीवर टांग मारली.