तलवारीचं झंपर

चामड्याच्या दुकानात कात्रणं पोत्यात जमतात आणि पोतं भरलं की फेकून देता येतं. किश्श्यांचं तसं नाही. चहा आला की जो तो आपापला जुनाच किस्सा झटकून पुन्हा काढतो!

आमचं दुकान आदिलाबादला, कापसाच्या मार्केटजवळ. माणसं तीन. आमचे हे, म्हणजे माधवराव, कटिंग करतात, रहीमचाचा हातशिलाई करतात, मशीनवर मी. बेल्ट, बॅगा, बैलांचे घुंगरपट्टे हे नेहमीचं काम. पण सध्या चहाबरोबर विषय एकच, गजाननभाऊंचं म्यान!

गजाननभाऊ तलमडुगुकडचे. भाजीपाला पिकवतात आणि दसऱ्याच्या नाटकात सेनापती होतात. त्यांनी मोबाईलवर कुठल्याशा विदेशी राजांची लढाई पाहिली आणि लोहाराकडून ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याची तसलीच तलवार करून घेतली. सरळ पात्याची, दोन्ही हातांनी उचलायची, उभी केली तर छातीला लागेल एवढी! धार नाही, वजन मात्र भरपूर.

मागच्या वर्षी ती शेल्यात खोचून ते स्टेजवर आले. शेला सुटला, तलवार तबलेवाल्याच्या पायावर पडली आणि पुढे सेनापतींच्या मरणाच्या सीनलाही गाव हसतच राहिलं. नाटकमंडळींनी सांगून टाकलं, "औंदा असं झालं तं सेनापती दिगंबर!" दिगंबर म्हणजे गजाननभाऊंचा सख्खा साळा. शिपायाचं काम करून करून कंटाळलेला.

"वहिनी, रोल गेला तं चालते," गजाननभाऊ मला म्हणाले, "पन साळ्याकडं गेला तं घरी जेवता येनार नाई!"

* * *

तलवार दुकानात आली ती बसनं, गोधडीत गुंडाळून. गजाननभाऊंनी ती मांडीवर उभी धरली होती. मूठ वर, त्यावर गोधडीचं टोक. शेजारच्या आजीबाईंना दया आली.

"तोंड उघडं कर ना बापा, लेकराचा जीव गुदमरते!"

गजाननभाऊंनी आज्ञाधारकपणे गोधडी बाजूला केली. आजीबाई पुढच्याच स्टॉपवर उतरल्या!

* * *

म्यान कमरेला लटकवायचं, म्हणजे कमरेचं माप आलं. रहीमचाचांनी टेप काढली आणि डॉक्टरसारखं विचारलं, "पेट अंदर लेको नापूं, के बाहर छोडको?"

गजाननभाऊंनी विचार केला. "चाचा, सेनापती अंदर लेता, गजानन बाहर छोडता."

चाचांनी पट्ट्याला दोन भोकं जास्त पाडली. आणि म्हणाले, "एक सेनापती का, एक खाना खाने के बाद वाले सेनापती का!"

* * *

असलं म्यान आम्ही जन्मात केलं नव्हतं. यांनी पद्धत काढली. तलवार प्लास्टिकमध्ये गुंडाळायची, जाड चामडं पाण्यात भिजवून तिच्यावर घट्ट बसवायचं, चिमटे लावून वाळवायचं. भिजवायला टब सापडेना, तेव्हा हे सासूबाईंचा गोधड्या धुवायचा टब घेऊन आले. सासूबाईंनी टब जाताना नुसता पाहिला. त्या दिवशी भाजीत मीठ मात्र नव्हतं.

वाळवण गच्चीवर. एका बाजूला सांडगे, मध्ये तलवार. शेजारच्या लक्ष्मीअम्मांनी भिंतीवरून डोकावून तेलुगूत विचारलं, "एंटिदी?" म्हणजे, हे काय?

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तरवारीचं झंपर शिवून राह्यलो."

लक्ष्मीअम्मांचं मराठी बेताचं, पण झंपर त्यांना बरोबर कळलं. त्या म्हणाल्या, "मरी अस्तर?" म्हणजे, मग अस्तर कुठं?

मी यांच्याकडे पाहिलं, यांनी चाचांकडे पाहिलं, चाचांनी आभाळाकडे पाहिलं. अस्तराचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! आतून कापड नसतं तर पातं चामड्यात रुतून बसलं असतं. शेवटी आमच्या लग्नातल्या आहेरातलं लाल घोंगडं कामी आलं. इतक्या वर्षांत त्याचा कोणाला तरी उपयोग झाला, याचा मला फार आनंद झाला!

* * *

म्यान तयार झालं आणि खरं सांगते, देखणं झालं. चाचांनी कडेनं दुहेरी टाका घातला होता, यांनी टोकाला पितळी टोपी बसवली होती. तलवार आत घालून, बाहेर काढून आम्ही पुन्हा पुन्हा पाहिली. सुळकन जायची, सुळकन यायची. यांचा चेहरा नुसता फुलला होता.

गजाननभाऊ आले, पट्टा बांधला, मुठीला हात घातला आणि ओढली. हात पार डोक्याच्या वर गेला. तलवार वीतभर अजून आतच!

"काऊन निंगत नाई?"

आमच्या दुकानात सगळी ओढाताण जोडीनं होते. चामडं ताणायचं तर एकानं धरायचं, दुसऱ्यानं ओढायचं. तलवारही आम्ही तशीच ओढून पाहिली होती. म्यान हे धरायचे, तलवार चाचा काढायचे! एकट्या माणसाचा हात तेवढा लांब नसतो, हे तिघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

हे म्हणाले, बाजूनं फाडून टिचबटन लावू. चाचा म्यान छातीशी धरून उभे राहिले. "मेरेकू काटने नक्को बोलो!"

नाटक दुसऱ्याच दिवशी. गजाननभाऊंचा चेहरा पार उतरला. मी म्हटलं, "भाऊ, स्टेजवर शिपाई असतोच ना? तो धरेल."

"दिगंबर?" गजाननभाऊ मटकन बसले. "वहिनी, ज्याले माझा रोल पायजे, त्याच्या हातात माही इज्जत देता काय?"

* * *

रात्रीतून दुसरा उपाय काही निघाला नाही. आम्ही तिघंही नाटकाला गेलो. शत्रू गरजला, "काढ तलवार!"

गजाननभाऊंनी मुठीवर हात ठेवला आणि हाक मारली, "शिपाई!"

दिगंबर आला. मुजरा केला, दोन्ही हातांनी म्यानाचं टोक धरलं. गजाननभाऊंनी ओढायला सुरुवात केली. निम्मी तलवार बाहेर आली आणि थांबली. म्यान तिरकं झालं आणि आतलं घोंगडं पकडून बसलं! यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं.

दिगंबरनं मागे वळून त्या हसणाऱ्याकडे असं पाहिलं की तो गप्पच झाला. मग तो एका गुडघ्यावर बसला, म्यान सरळ केलं, मान झुकवली आणि तसाच बसल्या बसल्या मागे सरकत गेला. हळूहळू, देवाची पालखी न्यावी तसा. तलवार सर्रकन बाहेर आली! गावानं शिट्ट्यांनी मांडव डोक्यावर घेतला. शत्रूसुद्धा टाळ्या वाजवत होता.

नाटक संपलं तरी दिगंबर म्यान खांद्यावर टाकून मांडवात फिरत होता. म्हातारी माणसं त्याची पाठ थोपटत होती. नाटकमंडळाचे अध्यक्ष खुशीत येऊन म्हणाले, "दिगंबर, पुढच्या सालचा सेनापती तूच बापा!"

गजाननभाऊ जागच्या जागी उभे राहिले.

दिगंबरनं म्यान छातीशी घट्ट धरलं.

"सेनापती कोनीबी होते," तो म्हणाला. "भाऊजीलेच करा. हे धराले मानूस लागते!"