धाव माझी, धाप आईची

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. कुणी "बाहेरचं आहे" म्हणालं की मीच विचारते — आधी डॉक्टरला दाखवलंस का? तरी हे लिहितेय... पोटात ठेवून ठेवून कंटाळा आला.

मी रोह्याजवळ वरसेला भाड्याने राहायचे. दिवसा कंपनीत शिफ्ट, पहाटे ग्राउंड. वनरक्षक भरतीत तीन किलोमीटर धावायचं होतं आणि वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची संधी. दुसऱ्या किलोमीटरलाच माझा जीव नरड्याशी यायचा.

माझी मैत्रीण स्नेहल फिजिओथेरपिस्ट. तिने एक हेडसेट दिला, डोक्याला बांधायचा पट्टा. धावण्याआधी वीस मिनिटं मेंदूला हलका करंट. म्हणे थकवा उशिरा जाणवतो. "सगळ्यांना फरक पडतोच असं नाही हां," हेही म्हणाली. त्याचे स्पंज मिठाच्या पाण्यात भिजवायचे. मीठ घरचंच होतं, वडखळहून आईने पाठवलेलं जाडं मीठ. तिचा जन्म गेला मिठागरात डोक्यावर चुंबळ ठेवून टोपल्या वाहण्यात.

पहिल्याच दिवशी... अहो, मी उडत होते! तीन किलोमीटर संपले तरी श्वास जागेवर.

सातला आईचा फोन. "काय झाला कळत नाय गो. बसल्या जागी धाप लागली."

वय झालं, म्हटलं. डॉक्टरांनाही काही सापडलं नाही. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा मी वेळ विचारली. सहा वीस ते सहा पस्तीस. माझ्या धावण्याची वेळ, मिनिटाला मिनिट! आणि मशीनबद्दल मी तिला अवाक्षर बोलले नव्हते.

एक दिवस हेडसेट न लावता धावले. रडतखडत पोचले, आई ठणठणीत. दुसऱ्या दिवशी... परत लावला. हो, लावला! लाज वाटते लिहायला. त्या दिवशी आई चुलीपुढे कोसळली.

तशीच एसटी पकडून घरी गेले, तिला सगळं सांगितलं. हेडसेट फळीवर टाकला, सेल काढून माझ्या बॅगेत ठेवले. "खड्ड्यात गेली नोकरी," म्हटलं. आईने एवढंच विचारलं, "भरती कदी हाय गो?"

भरतीच्या दिवशी हेडसेटशिवाय उभी राहिले. दुसरा किलोमीटर संपता संपता छाती फुटायला आली. संपलं सगळं, असं वाटलं... आणि एकदम डोक्यावरची टोपली कुणी उचलून घ्यावी तसं हलकं झालं. पाय आपोआप पळू लागले. मी वेळेत पोचले. पण आनंद कसला? आधी आईला फोन लावला.

फोन शेजारच्या काकूंनी उचलला. "तुझी आय बघ ना गो! डोक्यावर चुंबळ, त्यावर तो तुझा पट्टा, वर मिठाचा पाणी. घामानं निथळते नि हसते."

आई फोनवर आली, धापा टाकत. "मिठागरात नवी पोर दमली का तिची टोपली आम्हीच घ्यायचो. तू तं माझी हायेस."

मी रडले, तिला शिव्या घातल्या, पुन्हा रडले.

आई आता बरी आहे. हेडसेट मी परत केला. स्नेहल योगायोग म्हणते. असेल बाई! पण सेल त्या दिवशी माझ्या बॅगेत होते.

आता मी जंगलात गस्त घालते. मोठा चढ लागला आणि दम लागला नाही, की तिथेच थांबते आणि आधी आईला फोन लावते.