तंजावरच्या काचेतला चेहरा

तंजावरला मी काचेवरची चित्रं बघायला निघाले तेव्हा नवरा म्हणाला, “काचा पुण्यातही मिळतात.” अशा माणसाला सोबत नेण्यापेक्षा एकटीनं गेलेलं बरं.

त्रिचीपर्यंत रेल्वे, पुढे तासा-दीड तासाची स्वस्त बस, बाहेर भातशेतं आणि कालवे. रिक्षाचं भाडं आधी ठरवा, नाहीतर माझ्यासारखं भर रस्त्यात तोंड वाजवावं लागेल. राजवाडा सकाळीच बघा. दुपारी फरशी पाय भाजते.

ओळखीतून सेतुरावांकडे उतरले होते. निवृत्त गणित शिक्षक. घरात जुनी, बखरीतल्यासारखी मराठी बोलतात, वाचतात तमिळ. त्यांच्या हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या खिडकीत त्यांच्या आईचं काचचित्र आहे. ती गेली तेव्हा ते चार वर्षांचे होते. तिचा एकही फोटो नाही.

ही चित्रं काचेच्या मागच्या बाजूनं, उलट्या क्रमानं रंगवतात: आधी डोळे, कुंकू, दागिने, कातडीचा रंग शेवटी. पोंगलच्या साफसफाईत सेतुरावांनी मागून ओलं फडकं फिरवलं आणि चेहरा गेला, तिथे काच आरपार दिसू लागली. डोळे, कुंकू, दागिने तेवढे राहिले. मी त्या खिडकीकडे पाठ करून जेवले. खरं सांगते, भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अरुमुगम नावाचे म्हातारे चित्रकार ते दुरुस्त करायला आले. तमिळमध्ये त्यांनी विचारलं, “वर्ण कसा होता?”

सेतुराव मला अर्थ सांगून म्हणाले, “मज स्मरत नाही.” अरुमुगम ब्रश आवरू लागले. अंदाजानं कुणाची आई रंगवायची नाही, असा त्यांचा नेम.

कॉफी आणायला मी स्वयंपाकघरात गेले. खिडकीमागून जाते तोच सेतुराव ओरडले, “हालूं नको! तेथेंच राहा!”

कालपर्यंत अहो-जाहो करणारा माणूस! मग कळलं. त्या डोळ्यांमागे माझा चेहरा आला होता.

“आई,” ते म्हणाले. “अशीच होती.”

मी उभी राहिले. अरुमुगमांनी हॉलमधून माझ्याकडे बघत रंग कालवला, मग आत येऊन मला बाजूला केलं आणि तो मागून भरला.

पुण्याला येऊन पंधरा दिवस झाले. सेतुरावांना खरंच आठवलं, की कुणीही चाललं असतं, हे विचारायची हिंमत झाली नाही.

काल त्यांचा फोन आला.

“कांही बोला,” ते म्हणाले. “आईचा आवाजही मज स्मरत नाही.”

मी आमटीत काय काय घातलंय ते सांगत राहिले.