पायरीवर उतरवलेली नवरी

बाळांनो,

हे मला फोनवर बोलता येणार नाही. तुमची आई शेजारी असते, आणि खरं सांगायचं तर आजी असून मलाही संकोच वाटतो. म्हणून लिहिते आहे. थोरल्याचं लग्न ठरलं आहे. धाकटा वर्षभर बारीक होत चालला आहे आणि त्याचं त्याला कौतुक आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या नातवाची बायको नांदली नाही, एवढंच तुमच्या कानावर आलं असेल. का नांदली नाही, ते आता ऐका, कारण त्याच्या आणि तुमच्या अंगात एकाच घराण्याचं रक्त आहे.

हा मुलगा हिर्डोशीचा. हायवेवरच्या एका कारखान्यात कामाला. पाळीच्या वेळेला गावाहून मोटारसायकलवर भोरला यायचा, गाडी माझ्या अंगणात लावायचा आणि कंपनीच्या बसने पुढे जायचा. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. आल्याबरोबर तांब्याभर पाणी उभ्या उभ्या पिऊन टाकायचा. उन्हातून आला आहे, असं मी समजायची.

त्याचं लग्न वेल्ह्यातल्या पासलीच्या मुलीशी झालं. आमच्यात लग्नानंतर आधी जेजुरी, मग घरी जागरण-गोंधळ. तोवर नवराबायको एका खोलीत निजत नाहीत. जेजुरीला नवऱ्याने नवरीला उचलून पाच पायऱ्या चढायच्या असतात. त्या दिवशी मीही गेले होते. याने तिला उचललं, दोन पायऱ्या चढला आणि मधेच उतरवून तिथेच बसला. पाय थरथरत होते, ओठ पांढरे पडले होते.

"आरं, भाताची पोती उचलतोस की! बायकू जड झाली व्हय?" त्याचा मामा ओरडला.

सगळे हसले. मुलगीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले. फोटो काढून झाले आणि आम्ही भंडारा उधळून खाली आलो.

सहा महिन्यांनी माझी बहीण एकटीच भोरला आली. आम्हा दोघींत मी मावशीकडे पुण्याला राहून शिकले, इंग्रजी घेऊन पदवीधर झाले. तिची शाळा चौथीत सुटली. पण मनातलं स्पष्ट बोलण्यात ती माझ्या कितीतरी पुढे आहे.

"अक्का, पोरगी अजून तशीच हाय," ती म्हणाली.

मला लगेच उमगलं नाही.

"त्याला जमत न्हाई गं. पायऱ्या पुऱ्या केल्या न्हाईत त्यानं. देवाचं राहिलंय."

"डॉक्टरांना दाखवलंत का?"

"डॉक्टर काय करणार? तरणं पोर हाय. म्हाताऱ्यांची दुखणी त्याला कुठनं व्हतील?"

हे बोलताना ती माझ्याकडचा बिनसाखरेचा चहा पीत होती. तिला मधुमेह आहे, मला आहे, आमच्या वडिलांना होता. समोर कप असूनही दोघींपैकी एकीलाही काही सुचलं नाही.

त्यांनी जेजुरी पुन्हा केली. या खेपेला दोन चुलत्यांनी मागून आधार दिला आणि पाच पायऱ्या पुऱ्या झाल्या. मग गावाला जेवण आणि जागरण पुन्हा. चूक झाली ती इथे. चार भिंतींच्या आत जे होतं, ते त्यांनी मांडव घालून सगळ्या गावाला सांगितलं. जेवायला बसलेल्या पंगतीत कुणी तरी विचारलं, "लगीन येक आन जागरण दोन, ते कसं काय?" दुसरा म्हणाला, "गाडी पयल्यांदा सुरूच झाली न्हाई. आता धक्का मारत्यात." मुलगा तेव्हा त्यांना वाढत होता. हातातली बादली त्याने खाली ठेवली नाही. पंगत संपेपर्यंत तो वाढत राहिला.

हे पासलीला पोचायला वेळ लागला नाही. मुलीचा बाप येऊन तिला घेऊन गेला. वेल्ह्याची एसटी मिळेपर्यंत दोघं माझ्याकडे थांबली.

"माजी कुणावर तक्रार न्हाई, बाई," तो म्हणाला. "पर पोरीचं वय काय? तिनं कशाच्या आशंवर बसायचं?"

मुलगी स्वयंपाकघरात माझ्यापाशी आली. "त्यांनी मला कदी वंगाळ शबुद बोलला न्हाई, आजी," ती म्हणाली. "सारखं पाण्याला उठत्यात, लघवीला उठत्यात. म्या सासूबाईंना सांगितलं व्हतं. त्या म्हनल्या, उन्हाळा हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एसटी आली आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी तो गाडी लावायला आला तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिलं. पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलेलं होतं. त्या दिवशी त्याला कामावर जाऊ दिलं नाही. भोरमधल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. मी बाहेर बसायला निघाले तर तो म्हणाला, "थांबा आजी. घरी कुनाला तरी सांगावं लागंल, ते माज्यानं व्हनार न्हाई."

बाईंनी सरळ विचारलं. सकाळी जाग येताना ताठरता येते का? पूर्वी यायची का? झोप किती? तंबाखू, दारू? कुठल्या गोळ्या चालू आहेत? एकदा जमलं नाही म्हणून पुढे भीती बसली का? तो खाली मान घालून एकेक उत्तर देत गेला. सकाळीही काही नाही. तंबाखू आहे. किकवीच्या पुढे हायवेला तंबू ठोकून बसणाऱ्या एका वैदूकडून पुड्या घेतल्या होत्या. भीती तर होतीच, आणि पंगतीनंतर जगावंसंच वाटत नव्हतं.

रक्त तपासलं. साखर इतकी वाढलेली होती की बाईंनी त्याच दिवशी पुण्याला पाठवलं.

नंतर त्यांनी मला समजावलं. ताठरतेला रक्त पोचावं लागतं, नसांनी निरोप न्यावा लागतो आणि मन स्वस्थ असावं लागतं. यातलं काहीही बिघडू शकतं, आणि तरुणांत पुष्कळदा दोन-तीन गोष्टी एकदम बिघडतात: साखर, रक्तदाब, तंबाखू, मोडलेली झोप, एखादं औषध, संप्रेरकांची उणीव, उदासी. त्या म्हणाल्या, "तरुण मुलगा आला की कुणी म्हणतं सगळं मनाचं आहे, कुणी म्हणतं धातू जातो. दोघंही तपासत नाहीत." कधी कधी शरीरातल्या मोठ्या आजाराची ही पहिली खूण असते, हेही त्यांनीच सांगितलं. मधुमेह सडपातळ माणसालाही होतो. विशीतही होतो.

बहिणीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी ते माज्याकडनंच गेलं त्याला."

पासलीला दोनदा निरोप धाडला. उपयोग झाला नाही. गेल्या वैशाखात मुलीचं दुसरं लग्न झालं. तिला बोल लावायचा मला अधिकार नाही. हिर्डोशीत अजून त्याच्याकडे बघून हसतात, आणि त्याला दुसरी मुलगी द्यायला कुणी तयार नाही. तो गोंधळाला, बारशाला कुठेच जात नाही.

म्हणून, थोरल्या, लग्नाआधी रक्त तपासून घे. आणि धाकट्या, तू तर याच आठवड्यात. पुढेमागे तुमच्यापैकी कुणाला ही अडचण आली, तर डॉक्टरांना सांगा, आणि जिच्यासोबत राहता तिचं ऐका.

तो अजून गाडी माझ्याच अंगणात लावतो. इन्शुलिनची सुई स्वतः टोचून घेतो. तंबाखू सोडली, रात्रपाळी बदलून घेतली. परवा गाडीला कुलूप लावताना, माझ्याकडे न बघता म्हणाला, "आजी, डॉक्टरीणबाईंनी सकाळचं इचारलं व्हतं ना? त्यांना सांगा, आता कदी कदी व्हय."

बायको गेली, गावातली मान गेली. शरीर मात्र सावरतं आहे.