परिशिष्ट ग

माझी आत्या नगरपालिकेत आरेखक होती. एकतीस वर्षं तिने एकाच शहराचे नकाशे काढले. पालिकेत तिला टेपबाई म्हणत, कारण मोजपट्टी कायम तिच्या पिशवीत असे. कुणाच्या घरी गेली तरी ती आधी दाराची रुंदी नजरेने मापायची, आणि मग घरातल्या माणसांकडे बघायची. माणसांविषयी तिचं मत फारसं चांगलं नव्हतं. साहेब लोकांविषयी तर विचारूच नका.

तिची खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला होती. पत्र्याची सहा कपाटं, एक मोठं उतरतं टेबल, आणि नंतर आलेला एक संगणक, ज्याचा पंखा माणसासारखा धापा टाकायचा. या खोलीत शहरातली प्रत्येक गल्ली, प्रत्येक घराचा क्रमांक, जमिनीखालची प्रत्येक जलवाहिनी होती. यातलं काहीही खुर्चीत बसून काढलेलं नव्हतं. आत्या आणि साखळीवाले दोघांनी ते चालून मोजलं होतं. साखळीवाले म्हणजे तिचे मोजणीतले जोडीदार. जमीन मोजायची साखळी जाऊन त्यांच्या हाती चाकाचं मोजयंत्र आलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. मोठ्याने आकडे म्हणण्यापलीकडे ते बोलत नसत. आत्या ज्याला नावं ठेवत नसे असा जगात हा एकच माणूस होता.

राज्याचं नकाशा संचालनालय वेगळं. त्यांचा नकाशा विमानातून फोटो काढून बनवलेला. वरून झाडाखालची वाट दिसत नाही, पायऱ्या आणि उतार यांतला फरक कळत नाही. पण संचालकांना तो नकाशा फार सुंदर वाटे. ते दौऱ्यावर निघाले की बरोबर स्वतःची पाण्याची बाटली असे, आणि ती उघडायला स्वतःचा माणूस. आमच्या पालिकेचे मुख्याधिकारी त्यांच्या तोडीस तोड होते. एकदा आत्याने मुद्दाम नकाशा खालचा वर करून त्यांच्यापुढे ठेवला. साहेबांनी दहा मिनिटं मान डोलावली, दोन शंका विचारल्या आणि सही केली.

मग राज्याने ठरवलं की सगळ्या शहरांचा मिळून एकच नकाशा हवा. पूर आला, आग लागली, रुग्णवाहिका हवी असली, तर सगळ्यांनी एकाच पडद्यावर बघावं. कल्पना चांगली होती, म्हणूनच ती या लोकांच्या हाती टिकणार नव्हती. राज्याने पालिकेकडे गल्ल्या आणि घरक्रमांक मागितले. पालिकेने उलट विमानाचे फोटो मागितले. राज्य म्हणालं, फोटो गोपनीय आहेत. पालिका म्हणाली, मग घरक्रमांकही गोपनीय आहेत. घरक्रमांक दारावर रंगवलेले असतात, हे दोन्हीकडच्या एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नाही.

सहा वर्षं कागदी घोडे नाचले. समिती नेमली गेली, तिच्या अकरा बैठका झाल्या. आत्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून टिपणं घ्यायची आणि घरी येऊन आम्हाला वाचून दाखवायची. करारावर कुणाचं बोधचिन्ह वर छापायचं यात तीन बैठका गेल्या. आणखी दोन बैठका 'देवाणघेवाण' या शब्दावर. संचालकांना 'घेवाण' पसंत नव्हतं, कारण राज्य काही घेत नाही, राज्य मागवतं. मुख्याधिकाऱ्यांना 'देवाण' खटकत होतं, कारण पालिका काय म्हणून देईल? शेवटी 'समन्वय' हा शब्द ठरला. त्यात कुणालाच काही द्यावं किंवा घ्यावं लागत नव्हतं.

मी तेव्हा कॉलेजसाठी आत्याकडेच राहत होते. एक दिवस ती भलत्याच खुशीत घरी आली. आपत्कालीन नंबरच्या नियंत्रण कक्षातून एका माणसाचा तिला थेट फोन आला होता. कक्ष राज्याचा, म्हणजे नकाशाही राज्याचाच. गाड्यांचे चालक भलत्याच गल्लीत अडकून परत फोन करतात, तर बाई, तुमच्याकडची नुसती गल्ल्यांची फाइल पाठवाल का, असं तो अजिजीने म्हणत होता. आत्याने त्याला सुनावलं की वरून पत्र आणा, आणि तुमच्या संचालकांना म्हणावं, आधी ते विमानाचे फोटो आम्हाला द्या. एवढं बोलून तिने फोन ठेवला होता. आम्ही दोघीही हसलो. पालिकेची अब्रू राखल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर होता.

त्यानंतर आठेक महिन्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास, साखळीवाले घरातच कोसळले. ते निवृत्त होऊन गिरणीमागच्या चढावर राहत होते. त्यांच्या बायकोने आपत्कालीन नंबर फिरवला. गाडी लगेच निघाली आणि पडद्यावर दिसणाऱ्या सरळ रस्त्याने आली. तो रस्ता नव्हताच. तिथे लोखंडी कठडा लावलेल्या चौदा पायऱ्या आहेत. चालक फोनवर सांगत राहिला की समोर पायऱ्या आहेत, कक्षातून उत्तर येत राहिलं की नकाशात रस्ता दिसतोय. मागे वळायला जागा नव्हती. चिंचोळ्या गल्लीतून गाडी उलटी काढून, डेपोला वळसा घालून ती घरी पोचेपर्यंत अडतीस मिनिटं गेली. साखळीवाले वाचले, पण उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली.

आत्या दवाखान्यात गेली. मीही बरोबर होते. साखळीवाल्यांची बायको दोष कुणालाच देत नव्हती. चालक बिचारा किती घामाघूम झाला होता, हेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. आत्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसली. त्या पायऱ्या या दोघांनी मिळून दोनदा मोजल्या होत्या, कारण ते तेरा म्हणत होते आणि ती चौदा. तिने त्यांना त्या फोनविषयी सांगितलं, एक शब्दही न गाळता. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग डाव्या हाताने पाण्याच्या भांड्याकडे खूण केली. तिने पाणी पाजलं. त्यांना काय म्हणायचं होतं, ते तिला कधीच कळलं नाही.

घरी परतल्यावर चपला काढता काढता आत्या म्हणाली, "मला वाटायचं, ते लोक क्षुद्र आहेत आणि मी वेगळी. पण फोन मी ठेवला होता."

मी तिची समजूत घालायला गेले. तिने मला हाताने थांबवलं.

दोन दिवसांनी तिने रजा टाकली, सगळा नकाशा खिशात मावेल अशा ड्राइव्हवर घेतला आणि साडेचार तास बसने जाऊन नियंत्रण कक्ष गाठला. फोन करणारा माणूस तिथेच होता. जाडजूड, चष्म्याला दोरी बांधलेली, समोर उघडा डबा. तिने स्वतःची ओळख सांगितली. त्याने "पत्र?" एवढंच विचारलं. ती नाही म्हणाली. त्याने हात पुसले आणि ड्राइव्ह संगणकाला लावला.

जवळजवळ तीन महिने कुणालाच पत्ता लागला नाही. गाड्या वेळेवर पोचत होत्या, आणि वेळेवर पोचणाऱ्या गाडीची चौकशी कुणी करत नाही. मग संचालक कुणा बड्या पाहुण्यांना कक्ष दाखवायला घेऊन आले. आपल्या नकाशाचं कौतुक करता करता त्यांना पडद्यावर पालिकेच्या गटारांच्या झाकणांचे क्रमांक दिसले. कक्षातल्या माणसाने विचारल्यावर खरं ते सांगितलं.

पुढे जे घडलं ते आठवलं की मला अजून शिसारी येते. संचालकांनी मुख्याधिकाऱ्यांना स्वतः फोन लावला. सहा वर्षांत हे दोघे समितीवाचून प्रथमच बोलले, आणि बोलले ते एका बाईला कसं धरायचं याविषयी. मग काय तो समन्वय! हजेरीपट, रजेचा अर्ज, कक्षाच्या दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण, सगळं चार दिवसांत इकडून तिकडे गेलं. एका पत्रालाही दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागलं नाही.

आरोप होता सरकारी माहिती बाहेर देण्याचा. कोणती माहिती, हे दाखवणं भाग होतं. म्हणून पालिकेने आत्याचा अख्खा नकाशा, शिक्का मारून, पुरावा म्हणून राज्याकडे पाठवला. आरोपपत्रात त्याचं नाव होतं परिशिष्ट ग. मग चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं की कक्षातल्या मूळ नकाशात आणि नव्यात फरक काय, ते कसं ओळखायचं? तेव्हा राज्याने विमानाचे फोटो पालिकेकडे रवाना केले. गोपनीयतेचा शब्द कुणी काढला नाही. माणसाला शिक्षा करायची म्हटलं की या लोकांची कुलपं आपोआप उघडतात.

चौकशी त्या जुन्या समितीच्याच सभागृहात झाली. मी आत्याची मदतनीस म्हणून शेजारी बसले होते. समोर संचालक, मुख्याधिकारी आणि मधे चौकशी अधिकारी, एक निवृत्त गृहस्थ, ज्यांना लवकर घरी जायचं होतं. आत्याने आरोप मान्य केला. काही म्हणायचं आहे का, असं त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं.

"आहे," आत्या म्हणाली. "परिशिष्ट ग जुनं लागलंय. गोदामामागची जलवाहिनी मार्चमध्ये बदलली. नवी प्रत मी आणलीय, ती जोडून घ्या. दोन्ही कार्यालयांना एकेक. आणि मला पोच द्या."

चौकशी अधिकाऱ्यांनी दोन्ही साहेबांकडे पाहिलं. नवी प्रत नाकारायची तर पुरावाच चुकीचा ठरत होता. त्यांनी ती दाखल करून घेतली, दोन्हीकडच्या कारकुनांनी सह्या केल्या, आणि आपण काय घेतलंय हे साहेबांच्या ध्यानात आलं तेव्हा पोच आत्याच्या पिशवीत गेली होती. संचालक काहीतरी पुटपुटले.

आत्याला लेखी ताकीद मिळाली आणि तिची बदली जन्मनोंदणीच्या खिडकीवर झाली. कक्षातल्या माणसाला कुणी हलवलं नाही, कारण त्याच्या जागी बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं. दोन्ही कार्यालयांत आता एकच नकाशा रीतसर दाखल होता, म्हणून वर्षभराने राज्य आणि स्थानिक संस्था यांच्यातल्या आदर्श सहकार्यासाठी एक मानचिन्ह देण्यात आलं. ते संचालक आणि मुख्याधिकारी यांनी मिळून स्वीकारलं. वर्तमानपत्रातल्या फोटोत दोघेही ते मानचिन्ह आपल्याकडे ओढताना दिसतात. संचालकांनी भाषणात दूरदृष्टीचा उल्लेख केला. स्वतःच्याच.

मला वाटलं होतं, आत्या तो फोटो बघून चिडेल. तिने कागद दुमडून कपाटाच्या हलणाऱ्या पायाखाली सारला आणि मला भाजी चिरायला बसवलं. साहेबांना नावं ठेवणं तिने सोडलं नव्हतं, पण आता त्यात पूर्वीची मजा उरली नव्हती. एखादं वाक्य बोलून ती मधेच थांबायची.

जन्मनोंदणीच्या खिडकीवर मी तिला एकदा डबा द्यायला गेले होते. तेव्हा एक नवा बाप अर्ज घेऊन उभा होता. त्याने पत्ता सांगितला तो शहराबाहेर नुकत्याच उठलेल्या वस्तीचा, जिचं नावही तोवर कुठल्या कागदावर नव्हतं. आत्याने लेखणी खाली ठेवली आणि विचारायला सुरुवात केली. तिकडे वळायचं कुठून? गल्लीत गाडी जाते का? शेवटपर्यंत जाते की मधेच अडते? मागे रांग वाढत होती. तो माणूस वैतागला.

"बाई, तुम्ही मुलाचं नाव लिहून घ्या ना."

"नाव घेते. आधी गल्ली काढून दाखवा," आत्या म्हणाली, आणि अर्जाची कोरी बाजू त्याच्यापुढे सरकवली.

त्याने नाराजीने पेन घेतलं आणि दोन वेड्यावाकड्या रेघा ओढल्या. आत्याने चष्मा पुसला, कागद आपल्याकडे वळवला आणि त्याला विचारलं की यातली गाडीची वाट कुठली आणि पायवाट कुठली.