पन्हळीतली माती

त्या गल्लीत पत्र्याच्या दुकानाचा पत्ता कुणी विचारत नसे. कान उघडे ठेवले की पुरे. सकाळी आठला ठोकाठोकी सुरू झाली की समजायचं, दादा येऊन बसले. बादलीला नवं बूड बसवणं, नरसाळी, धान्याच्या कोठ्या, छपरांच्या पन्हळी, सगळं काम हातचं. चौतीस वर्षं ऐरणीशेजारी काढल्यामुळे त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, आणि त्यापायी ते स्वतः इतक्या मोठ्याने बोलायचे की त्यांनी कुणाच्या कानात गुपित सांगितलं तरी समोरच्या दुकानातला शिंपी मान डोलवायचा.

त्यांच्या हातांवर ओरखड्यांची जाळी होती. कापलं की चिंधी गुंडाळायची आणि पुढचं काम हातात घ्यायचं, हीच रीत. लेक दोन गल्ल्या सोडून राहायची आणि औषधांच्या दुकानात कामाला होती. ती दर वेळी मागे लागायची.

"बाबा, शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं होतंत?"

"तुझ्या जन्माआधी असेल."

"म्हणजे तीस वर्षं झाली!"

"मग? अगं, माझ्या अंगात रक्त कमी आणि पत्राच जास्त आहे. गंज चढला तर चढेल." आणि स्वतःच्याच विनोदावर ते खो खो हसायचे.

एका शाळेच्या जुन्या इमारतीची पन्हळ उतरवायचं काम आलं. वर्षानुवर्षांचा पालापाचोळा, पक्ष्यांची घाण आणि काळी माती त्यात थापून बसली होती. दादा शिडीवर चढले, हाताने चिखल उपसला, पन्हळ सुटी करताना तिचा गंजका कोपरा उजव्या अंगठ्याच्या बुडाशी खसकन आत गेला. खोल गेला, पण रक्त म्हणाल तर दोन थेंब. त्यांनी अंगठा दाबून धरला, पँटला पुसला, चिंधी बांधली आणि संध्याकाळपर्यंत काम उरकलं. लेकीला कळल्यावर ती रागावली. "उद्या जातो," दादा म्हणाले. उद्याचा परवा झाला. चार दिवसांत जखम मिटली, आणि मिटलेल्या जखमेसाठी दवाखान्याची पायरी कोण चढतं?

नवव्या दिवशी सकाळी घास तोंडाशी नेला तर तोंड पुरतं उघडेना. दादांना वाटलं, अक्कलदाढ. मान अवघडली होती, ती रात्री उशी सरकली म्हणून असेल. दुपारी पाण्याचा घोट घशात अडला आणि नाकातून बाहेर आला. बायको म्हणाली, "अहो, असं काय बोलताय दातांतल्या दातांत? नीट बोला की." ते नीटच बोलत होते.

ती त्यांना कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण होता, थट्टेखोर होता. "आ करा दादा. एवढासाच? इतर वेळी तर तुमचा आवाज माझ्या खुर्चीपर्यंत येतो!" त्याने दात पाहिले, हिरडी चाचपली. सगळं ठणठणीत. मग त्याने लाकडी पट्टी घेऊन हळूच घशाच्या मागच्या बाजूला टेकवली. अशी पट्टी लागली की माणसाला उमासा येतो आणि तोंड आपोआप उघडतं. दादांचं तोंड मिटलं. कडकन मिटलं, आणि पट्टी दातांत गच्च अडकली.

डॉक्टरने पट्टी ओढायचा प्रयत्न केला नाही. त्याची नजर दादांच्या हाताकडे गेली होती.

"अंगठ्याला काय झालं होतं?"

"पन्हळ लागली," बायको म्हणाली. "बरं झालंय ते."

"कधी?"

"आठ-नऊ दिवस झाले."

तो उठला, बाहेर थांबलेल्या माणसांना परत पाठवलं आणि स्वतःच्या गाडीची किल्ली घेतली. "चालत जायचं नाही. मी सोडतो तुम्हाला मोठ्या रुग्णालयात. दादा, घाबरू नका," तो म्हणाला, पण दवाखान्याला कुलूप लावायचं विसरून गाडीकडे निघाला, आणि दादांना त्यातलं सगळं समजलं.

रुग्णालयात एका मध्यमवयीन डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पोटावर हात ठेवला. पोट फळीसारखं टणक. मग त्यांनी बायकोला आणि निरोप मिळताच धावत आलेल्या लेकीला बाजूला घेतलं, पण दादांचा उजवा कान चांगला होता. त्यांनी तो शब्द ऐकला. धनुर्वात.

तो शब्द त्यांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते सहा-सात वर्षांचे असतील. दादांच्या आईची दोन मुलं त्यांच्या जन्माआधी गेली होती. दोन्ही धडधाकट जन्मली, दोन्ही आठवड्याच्या आत गेली. नाळ कापली होती गवत कापायच्या विळ्याने, वर चुलीतली राख चोळली होती. सहाव्या-सातव्या दिवशी बाळ दूध ओढेनासं व्हायचं. "रडायचंही नाही रे," आई सांगायची. "नुसतं हसल्यासारखं दिसायचं. मी पहिल्यांदा सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं, बघा, हसतंय." दादांच्या वेळी एक नर्सबाई आली, कात्री पातेल्यात उकळली, नाळेला काहीही लावू दिलं नाही. दादा जगले ते त्या उकळत्या पाण्यामुळे. आणि आता साठीला टेकल्यावर तेच दुखणं घर शोधत आलं होतं.

"अहो," बायको खाटेजवळ येऊन म्हणाली, "असे हसू नका ना. मला भीती वाटते."

दादा हसत नव्हते. ओठ आपोआप मागे ओढले गेले होते, भुवया वर चढल्या होत्या. बायकोला सांगावंसं वाटत होतं की मी हसत नाहीये, पण दातांतून फक्त हवा आली. हे हसू नव्हे हे हळूहळू कळून ती दोन पावलं मागे सरकली, आणि तिचं ते मागे सरकणं दादांना पट्टीपेक्षा, इंजेक्शनांपेक्षा, सगळ्यापेक्षा जास्त लागलं.

डॉक्टरीणबाईंनी लेकीला समजावलं. "हा जंतू मातीत असतो, शेणात असतो, वर्षानुवर्षं झोपून राहतो. त्याला हवा सोसत नाही. खोल, मिटलेली जखम मिळाली की जागा होतो. तो अजून तिथेच आहे, अंगठ्यात. तिथून तो विष सोडतोय आणि ते नसांवाटे वर चढतंय."

"मग औषध?"

"जखम उघडून साफ करू, जंतू मरेल. मोकळं फिरणारं विष मारायचंही इंजेक्शन आहे. पण जे विष नसांना चिकटलंय ते काढता येत नाही. ते आपणहून उतरेपर्यंत यांना जगवायचं, एवढंच आपल्या हातात."

"किती दिवस?"

"तीन आठवडे. पाच. सांगता येत नाही."

"म्हणजे... जगतील ना?"

"पूर्वी यातले बरेचसे जायचे," त्या म्हणाल्या. "आता यंत्रं आहेत."

दादांना टोकाच्या एका खोलीत ठेवलं. खिडक्यांना जाड पडदे, दाराच्या कडीला कापडाची गुंडाळी, दारावर पाटी: आवाज करू नये. कारण आता प्रत्येक आवाज त्यांच्या अंगात शिरत होता. पहिल्या दुपारी बाहेर कुणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे पडला. तो आवाज कानावर पडला आणि दादांची पाठ कमानीसारखी वर उचलली गेली. डोकं आणि टाचा तेवढ्या खाटेला टेकलेल्या. छाती आवळली, श्वास थांबला, आणि हे सगळं होत असताना शुद्ध लखलखीत जागी. बेशुद्ध होता आलं असतं तर बरं, असं त्यांना वाटलं. दुखत होतं, मरणाचं दुखत होतं, पण त्याहून भयंकर होतं ते झटका सुटल्यानंतरचं पडून राहणं. पुढचा आवाज कुठून येईल? बूट वाजेल? कुणी शिंकेल? ज्या माणसाने जन्मभर आवाजावर पोट भरलं, तो आता शेजारच्या खोलीतल्या खोकल्याला थरथर कापत होता.

बायकोने पायांतल्या चपला बाहेर ठेवल्या. किल्ल्यांचा जुडगा रुमालात बांधून लेकीकडे दिला. ती खुर्ची ओढतसुद्धा नसे, उचलून ठेवायची. हात धरायची फार इच्छा व्हायची, पण नर्सने सांगितलं होतं, "स्पर्शानेही झटका येतो, काकू." मग ती हात खाटेच्या कडेला, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर ठेवून बसायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात ठोकाठोकी सुरू झाली. एक ठोका, दुसरा, तिसरा. पत्र्यावर हातोडी. दादा खाटेवर उसळले. बायको अनवाणीच धावत सुटली. अंगणात शेडच्या छपरावर एक माणूस बसला होता.

"बंद करा! अहो, बंद करा ते!"

"काकू, आजच्या आज उरकायचंय. साहेबांनी सांगितलंय."

"माझा माणूस मरतोय हो तुमच्या ठोक्यांनी!"

तो वाकून बघायला लागला. "काय झालंय त्यांना?"

"पन्हळ लागली अंगठ्याला. धनुर्वात झालाय. तेही पत्र्याचंच काम करतात."

त्या माणसाने हातातली हातोडी पाहिली. मग हळूच, आवाज होणार नाही अशी, छपरावर ठेवली. त्याच्या करंगळीला मळकी चिंधी गुंडाळलेली होती. तो शिडीवरून खाली उतरला. "इंजेक्शन कुठे देतात इथे?" एवढंच त्याने विचारलं.

त्याच दुपारी दादांचा श्वास एका झटक्यात इतका वेळ अडकला की ओठ निळे पडले. घशाला छेद देऊन नळी घातली, यंत्राला जोडलं, आणि सगळं अंग सैल पाडणारं औषध सुरू केलं. त्याबरोबर झोपेचंही. पण झोप मधूनच पातळ व्हायची. तेव्हा दादांना यंत्राची फुसफुस ऐकू यायची, पापणी हलवता यायची नाही, आणि मनात यायचं की आपण मेलोय आणि हे कुणाच्या लक्षातच आलेलं नाही. कधी त्यांना आपली न पाहिलेली दोन भावंडं शेजारी निजलेली दिसायची. तीही हसल्यासारखी.

असे छत्तीस दिवस गेले.

दादा वाचले. घशाला खळगा पडला, आवाज घोगरा आणि बारीक झाला. झटक्यांनी पाठीचा एक मणका चेपला, तो तसाच राहिला. घरी सोडताना डॉक्टरीणबाई लसीची सुई घेऊन आल्या तेव्हा दादांनी भुवई वर केली. आता कशाला? गेला ना होऊन?

"देवी, गोवर एकदा होऊन गेले की सहसा परत होत नाहीत," बाई म्हणाल्या. "याचं तसं नाही. याच्या विषाचा एवढासा अंश पुरतो, त्यातून शरीर काही शिकत नाही. उद्या पुन्हा लागलं तर पुन्हा होऊ शकतं. म्हणून लस. आज एक, महिन्याने दुसरी, मग तिसरी. चुकवायची नाही."

दादांनी दंड पुढे केला.

दुकान उघडायला आणखी तीन महिने लागले. आता ते डाग देण्याचं, म्हणजे कथलाने सांधे जोडण्याचं काम करतात. ठोकायचं काम शेवटच्या गल्लीतल्या दुकानदाराकडे पाठवून देतात. जाड हातमोजे घालतात. समोरचा शिंपी म्हणतो, गल्ली मुकी झाली. लोक विचारतात, "आता बरं आहे ना दादा?" ते मान हलवतात. तिन्ही लसी झाल्या आहेत, कार्ड लेकीने भिंतीला लावून ठेवलंय.

पण रोज सकाळी तोंड धुताना ते आरशासमोर उभे राहतात, दार लोटून घेतात आणि तोंड उघडतात. तीन बोटं उभी आत जातात का बघतात. जातात. मग ती बाहेर काढून, पुसून, पुन्हा एकदा घालून बघतात. बायको बाहेर उभी असते. आतून चूळ भरल्याचा आवाज येईपर्यंत ती तिथून हलत नाही.